डोंगराचे नाव, कराचा कागद

एखाद्या डोंगराला नावच नाही, असे होऊ शकेल का? ब्रिटनच्या पश्चिमेकडील वेल्स या डोंगराळ प्रदेशाचा नकाशा पाहिला, तर उत्तर 'होय' असे द्यावेसे वाटते. मोठ्या शिखरांची नावे नकाशावर ठळक अक्षरांत असतात. पण पुष्कळ लहान डोंगर-टेकड्या अशा दिसतात, की समोच्च रेषांची वर्तुळे एकात एक आहेत, मधोमध उंचीचा आकडा आहे, आणि नाव मात्र नाही.

आता त्या टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या शेतकऱ्याचा विचार करू. त्याची मेंढरे वर्षातले कित्येक महिने त्या टेकडीवर चरतात. हरवलेली मेंढी शोधायला मुलाला पाठवताना तो काय म्हणेल? 'त्या चारशे बावन्न मीटरवर जाऊन बघ' असे तर नक्कीच म्हणणार नाही. जिथे माणसे रोज काम करतात, तिथे नाव असतेच. मग ते नकाशावर का नाही? आणि आज शोधायचे झाले, तर कुठे शोधायचे? या दुसऱ्या प्रश्नाचे एक उत्तर अगदी अनपेक्षित ठिकाणी मिळते. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी कर ठरवण्यासाठी तयार केलेल्या जमिनीच्या कागदपत्रांत! ते कसे, हे आपण पाहू.

नकाशावरची रिकामी जागा

ब्रिटनचे अधिकृत नकाशे ऑर्डनन्स सर्व्हे ही संस्था तयार करते. १७९१ साली ती सुरू झाली ती लष्कराच्या गरजेतून. लष्कराला रस्ते, नद्या, गावे आणि उंचवटे हवे होते. नावे हवी होती ती खुणेपुरती. शिवाय एक इंच म्हणजे एक मैल अशा प्रमाणाच्या नकाशावर अक्षरांना जागा ती किती असणार? एका टेकडीवर पाच नावे प्रचलित असली, तरी नकाशावर एखादेच मावते. तेव्हा कोणते ठेवायचे आणि कोणते गाळायचे, हे नकाशा करणाऱ्यानेच ठरवले. त्यांतले अनेक जण वेल्श भाषा जाणत नव्हते.

पुढे मोठ्या प्रमाणाचे नकाशे करताना सर्वेक्षकांनी नावांच्या वह्या ठेवल्या. प्रत्येक नाव कसे लिहायचे, ते कोणाला विचारून ठरवले, ही माहिती या वह्यांत असे. नावे शोधणाऱ्याला याहून चांगले साधन कोणते? पण १९४० मध्ये दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यांत ऑर्डनन्स सर्व्हेचे साउदॅम्प्टन येथील कार्यालय जळाले आणि इंग्लंड-वेल्सच्या या वह्यांचा मोठा भाग नष्ट झाला.

नावाची ही उणीव प्रकर्षाने जाणवू लागली ती डोंगर चढणाऱ्यांना. ब्रिटनमध्ये उंचीनुसार डोंगरांच्या याद्या करण्याची आणि यादीतले सगळे डोंगर चढण्याची मोठी हौस आहे. १९९२ साली अ‍ॅलन डॉसन यांनी भोवतालच्या जमिनीपासून किमान १५० मीटर उठून दिसणाऱ्या ब्रिटनमधील डोंगरांची यादी प्रसिद्ध केली. अशा याद्यांत डोंगराची एकूण उंची कमी असली तरी चालते. त्यामुळे नकाशावर नाव नसलेले कितीतरी उंचवटे यादीत येतात. यादीत काहीतरी लिहायला तर हवे! मग जवळच्या शेतघराचे, तळ्याचे किंवा दरीचे नाव त्या माथ्याला चिकटवले जाते. काही वर्षांत तेच नाव पुस्तकांतून फिरते आणि खरे वाटू लागते.

नाव 'नसणे' आणि नाव 'आपल्याला माहीत नसणे' यांतला हा फरक आपल्याला नवा नाही. १८५६ साली भारताचे सर्व्हेयर जनरल अँड्र्यू वॉ यांनी जगातल्या सर्वोच्च शिखराला स्थानिक नाव सापडत नाही असे सांगून आपल्या आधीचे अधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांचे नाव सुचवले. तिबेटी लोक मात्र त्या शिखराला चोमोलुंग्मा म्हणत होते.

दशांशाची भानगड

आता कराच्या कागदांकडे वळू. इंग्लंड आणि वेल्समध्ये शेतकऱ्याने आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा, अशी जुनी प्रथा होती. हाच दशांश. धान्याची दहावी पेंढी, दहावे कोकरू, लोकरीचा दहावा भाग असा तो वस्तुरूपाने घेतला जाई. मोजणे कटकटीचे आणि भांडणे रोजची. तेव्हा १८३६ साली पार्लमेंटने कायदा करून दशांशाचे रूपांतर रोख रकमेत केले. गहू, सातू आणि ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावावरून ही रक्कम दरवर्षी ठरायची.

पण रोख रक्कम आकारायची तर कोणत्या जमिनीवर किती, हे नेमके ठरवायला हवे. म्हणून प्रत्येक पॅरिशचा, म्हणजे चर्चच्या हद्दीतील गावाचा, मोठा नकाशा तयार करण्यात आला. नकाशावर जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक दिला आणि सोबत एक तक्ता जोडला. तक्त्यात क्रमांकानुसार रकाने होते: मालक कोण, कसणारा कोण, तुकड्याचे नाव किंवा वर्णन, लागवडीचा प्रकार, क्षेत्रफळ आणि आकार. आपला सातबारा पाहिलेल्या माणसाला हे रकाने ओळखीचे वाटतील. क्षेत्रफळाचे एककही आपल्या ओळखीचेच आहे. तिथे ते एकर, रूड आणि पर्च यांत दिलेले असते. एका एकरात चार रूड किंवा १६० पर्च. आपल्याकडे एका एकराचे ४० गुंठे. म्हणजे एक रूड बरोबर दहा गुंठे आणि एक गुंठा बरोबर चार पर्च. हा योगायोग नाही. दोन्हींच्या मुळाशी एकाच इंग्रजी मोजणीतली ६६ फुटांची साखळी आहे.

बहुतेक नकाशे १८५०च्या सुमारास पूर्ण झाले. प्रत्येकाच्या तीन प्रती निघत. एक दशांश आयुक्तांकडे, एक बिशपच्या कचेरीत आणि एक पॅरिशमध्ये. आयुक्तांकडच्या प्रती आज लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. बिशपच्या कचेऱ्यांतील वेल्सच्या प्रती अ‍ॅबरिस्टविथ येथील वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. इंग्लंडचा सुमारे तीन चतुर्थांश भाग या नकाशांत येतो, तर वेल्सचा ९५ टक्क्यांहून अधिक. २०१४ ते २०१७ या काळात वेल्समधील हजाराहून अधिक नकाशे संगणकावर आणण्यात आले आणि स्वयंसेवकांनी त्यांचे तक्ते वाचून उतरवून काढले. पूर्वी एक नाव शोधायला ग्रंथालयात दिवसेंदिवस बसावे लागे. आता ते काम घरबसल्या सुरू करता येते.

आपल्या कामाचा रकाना म्हणजे तुकड्याच्या नावाचा. कर आकारायला क्रमांक पुरेसा होता. पण शेतकरी आपल्या शेताला ३१२ म्हणून ओळखत नव्हता. वाद टाळायचा तर त्याच्या तोंडचे नाव लिहून ठेवणे सोयीचे होते. अशा रीतीने करवसुलीच्या सोयीसाठी लाखो स्थानिक नावे कागदावर आली.

तक्त्यातून माथ्याकडे

मात्र दशांशाच्या नकाशावर समोच्च रेषा नसतात. डोंगर कुठे आहे, हे बहुतेक वेळा त्यावरून कळतच नाही. मग डोंगराचे नाव शोधायचे कसे? आम्ही इथे पद्धत समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेतो.

समजा, आजच्या नकाशावर ४५२ मीटर उंचीची एक निनावी टेकडी आहे. पहिले काम म्हणजे तिचा माथा जुन्या नकाशावर नेमका कुठे पडतो, ते ठरवणे. त्यासाठी दोन्ही नकाशांत न बदललेल्या खुणा शोधायच्या: चर्च, ओढ्यांचे संगम, पूल आणि शेतांमधले दगडी बांध. वेल्सच्या डोंगरांवरचे अनेक बांध दीडदोनशे वर्षे जागचे हललेले नाहीत. अशा चारपाच खुणा जुळवून एक नकाशा दुसऱ्यावर बसवला, की माथा कोणत्या तुकड्यात येतो ते दिसते. समजा, तो ११७ क्रमांकाच्या तुकड्यात आला.

लगेच नाव न वाचता आधी पडताळा घ्यावा. तक्त्यात ११७चे क्षेत्रफळ ८० एकर दिले आहे. एक एकर म्हणजे सुमारे ०.४०५ हेक्टर, तेव्हा ८० एकर म्हणजे ३२ हेक्टरांहून थोडे अधिक. आजच्या नकाशावर त्याच बांधांच्या आतले क्षेत्र मोजले आणि ते ३२ हेक्टरांच्या जवळपास आले, तर आपण योग्य तुकड्यात आहोत. १५ किंवा ६० आले, तर जुळणी चुकली आहे.

आता नावाचा रकाना. तिथे लिहिले आहे 'फ्रिथ वॉइल दी' आणि पुढे 'कुरण'. वेल्शमध्ये 'फ्रीद' म्हणजे डोंगरउतारावरचे बांधबंदिस्त कुरण. 'वॉइल' म्हणजे बोडका डोंगर आणि 'दी' म्हणजे काळा. म्हणजे हे झाले 'काळ्या बोडक्या डोंगराचे कुरण'. हे नाव कुरणाचे आहे, पण ज्या डोंगरावरून ते पडले, त्याचे नाव त्याच्या पोटात आहे: वॉइल दी.

एवढ्यावर थांबू नये. डोंगराळ भागात पॅरिशची हद्द पुष्कळदा डोंगराच्या धारेवरून जाते. त्यामुळे माथ्याच्या पलीकडची बाजू दुसऱ्याच नकाशात, दुसऱ्याच कारकुनाच्या हस्ताक्षरात सापडते. समजा, तिथे उताराखालच्या एका तुकड्याचे नाव 'ग्वाउन तान अ वॉइल', म्हणजे 'वॉइलखालचे माळरान' असे आहे. दोन स्वतंत्र नोंदी दोन बाजूंनी एकाच डोंगराकडे बोट दाखवत आहेत. 'खालचे', 'वरचे', 'पलीकडचे' असे शब्द असलेली नावे म्हणूनच फार मोलाची ठरतात. ती दिशा सांगतात.

ऐकले तसे लिहिले

नाव सापडले तरी ते वाचणे सोपे नसते. मोजणीदार आणि कारकून अनेकदा कानावर पडले तसे, इंग्रजी वळणाने लिहीत. वेल्श लेखनात एक 'एफ' म्हणजे 'व्ह' आणि दोन 'एफ' म्हणजे 'फ'. दोन 'डी'चा उच्चार इंग्रजी 'दिस'मधील पहिल्या ध्वनीसारखा. हे ठाऊक नसलेला कारकून 'फ्रीद'चे 'फ्रिथ' करतो, 'वॉइल' लिहिताना 'एफ'ऐवजी 'व्ही' घालतो. एकाच शेताचे नाव तीन कागदांवर तीन प्रकारे दिसते.

दुसरी अडचण वेल्श व्याकरणाची. मराठीत विभक्ती लागताना शब्दाच्या शेवटी बदल होतो: घोडा, घोड्याला. वेल्शमध्ये काही ठिकाणी शब्दाचा पहिला ध्वनी बदलतो. 'मॉइल'चे 'वॉइल' होते, 'ब्रॉन'चे (छाती, म्हणजे डोंगराची उभार बाजू) 'व्ह्रॉन', 'कार्न'चे (दगडांची रास) 'गार्न', 'कॉख'चे (लाल) 'गॉख'. प, त, क यांचे ब, द, ग होतात, ब आणि म यांचा व्ह होतो, आणि ग तर चक्क गळून पडतो. वेल्समधले सर्वोच्च शिखर 'अर विद्वा', म्हणजे स्नोडन, याच नियमाने बनले आहे. मूळ शब्द 'ग्विद्वा', थडग्यावरचा उंचवटा. आधी उपपद आले आणि 'ग' गेला. हा नियम न जाणणारा संशोधक 'मॉइल' आणि 'वॉइल' या दोन वेगळ्या जागा समजून बसेल.

म्हणून सापडलेले नाव आजच्या प्रमाण वेल्शमध्ये मांडताना मूळ लिखाणही शेजारी नोंदवून ठेवायचे, हा नियम कटाक्षाने पाळावा लागतो. आपण केलेली दुरुस्ती हा आपला तर्क आहे. कागदावरचे अक्षर हा पुरावा आहे. दोहोंची सरमिसळ झाली, की पुढच्या माणसाला तपासायला काही उरत नाही.

तुकड्याचे नाव की डोंगराचे?

सर्वांत अवघड प्रश्न हा आहे. माथा ज्या तुकड्यात येतो, त्याचे नाव म्हणजे डोंगराचे नाव, असे थेट म्हणता येत नाही. तुकड्याचे नाव नुसते 'मेंढ्यांचे रान' असू शकते. ते शेतघरावरून पडलेले असू शकते. उंच भागात तर पुष्कळदा सगळे शेत एकाच क्रमांकाखाली टाकलेले आढळते आणि नावाचा रकाना कोरा असतो. सगळे नकाशे सारखे अचूकही नाहीत. काही पॅरिशमध्ये नव्याने काटेकोर मोजणी झाली, तर काहींनी खर्च वाचवण्यासाठी जुनेच नकाशे पुढे केले.

तेव्हा पुराव्याला पुराव्याची जोड द्यावी लागते. जमीनदारांच्या मालमत्तेचे अठराव्या शतकातील नकाशे हे एक साधन. गोगेर्दान आणि त्राउसगोइड यांसारख्या मोठ्या घराण्यांचे कागद अ‍ॅबरिस्टविथच्या ग्रंथालयात आहेत. सामाईक डोंगर वाटून घेताना केलेल्या कुंपण-निवाड्यांत 'अमुक नावाचा डोंगर' असा स्पष्ट उल्लेख मिळू शकतो. बँगोर विद्यापीठातील प्राध्यापक मेल्व्हिल रिचर्ड्स यांनी स्थलनामांच्या तीन लाखांहून अधिक चिठ्ठ्या जमवल्या होत्या. त्यांत तेच नाव आणखी जुन्या दस्तऐवजातून मिळाले, तर बळकटी येते.

आणि शेवटी, किंबहुना शक्य असेल तर सुरुवातीलाच, तिथल्या शेतकऱ्याला विचारायचे. वेल्श भाषेत 'कनेविन' असा एक सुंदर शब्द आहे. कुंपण नसलेल्या डोंगरावर मेंढ्यांचा प्रत्येक कळप आपापल्या ठरावीक भागातच चरतो आणि कोकरे तो भाग आईकडून शिकतात. त्या ओळखीच्या भागाला कनेविन म्हणतात. माणसाच्या आपल्या मुलखालाही हाच शब्द लावतात. डोंगरांची नावेही अशीच शिकली गेली, मागच्या पिढीच्या मागे चालत. कागदावरचे नाव आणि म्हाताऱ्या मेंढपाळाच्या तोंडचे नाव जुळले, तर यापेक्षा भक्कम पुरावा नाही. जुळले नाही, तर दोन्ही नोंदवायची. डोंगराच्या दोन बाजूंच्या गावांनी त्याला दोन नावे दिली असतील, तर दोन्ही खरी.

एवढा खटाटोप कशासाठी?

या कागदांच्या इतिहासात एक विसंगती दडलेली आहे. वेल्समधले बहुसंख्य लोक अँग्लिकन चर्चचे नव्हते. ते आपापल्या स्वतंत्र प्रार्थनामंदिरांत जात. तरी दशांश मात्र अँग्लिकन चर्चला द्यावा लागे. १८८०च्या दशकात उत्तर वेल्समधल्या शेतकऱ्यांनी तो देणे नाकारले. गुरे जप्त करायला आलेल्या अधिकाऱ्यांशी चकमकी झाल्या, सैन्य बोलवावे लागले. वेल्सच्या इतिहासात याला 'दशांशाचे युद्ध' म्हणतात. लोकांना इतक्या नकोशा झालेल्या त्या कराच्या कागदांनीच त्यांच्या पूर्वजांची भाषा जपून ठेवली.

शिक्षकांनी लक्षात घ्यावी अशी आणखी एक गोष्ट. हे तक्ते तयार होत होते त्याच काळात, १८४७ मध्ये, वेल्समधल्या शिक्षणाबद्दल तीन सरकारी आयुक्तांनी अहवाल दिला. तिघांनाही वेल्श येत नव्हते, आणि अहवालात वेल्श भाषेला प्रगतीतला अडथळा ठरवले होते. एका सरकारी कागदावर भाषेची निंदा आणि दुसऱ्या सरकारी कागदावर त्याच भाषेतली लाखो नावे!

२०२१च्या जनगणनेनुसार वेल्समधील १७.८ टक्के लोकांना वेल्श बोलता येते. ज्या खोऱ्यात भाषा मागे हटली, तिथे नाव सांगणारा माणूसही उरत नाही. म्हणून नावे नोंदवण्याला आता कायद्याचाही आधार देण्यात आला आहे. २०१६च्या कायद्यानुसार वेल्समधील ऐतिहासिक स्थलनामांची अधिकृत यादी करण्यात आली. २०१७ मध्ये ती खुली झाली, तेव्हा तिच्यात साडेतीन लाखांच्या आसपास नावे होती. रस्त्यांना वगैरे नावे देताना सार्वजनिक संस्थांनी ही यादी विचारात घ्यायची आहे. खासगी मालकाने घराचे किंवा शेताचे जुने नाव पुसले, तर मात्र ही यादी त्याला अडवू शकत नाही. २०२२ मध्ये तेथील राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाने स्नोडनऐवजी 'अर विद्वा' हेच नाव प्राधान्याने वापरण्याचे ठरवले.

'अर विद्वा'चे नाव कधी हरवलेच नव्हते. प्रश्न आहे तो ४५२ मीटरच्या टेकड्यांचा. त्यांच्यासाठी आंदोलन होत नाही. त्यांची नावे कोणीतरी बसून, क्रमांक जुळवून, क्षेत्रफळ पडताळून शोधली तरच सापडतात. आणि आज एखाद्या यादीत सोयीसाठी घातलेले बनावट नाव रुळले, तर उद्या खऱ्याला जागा उरणार नाही.

वर्गासाठी

हे काम मुलांना करून पाहता येईल. आपल्या सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' अशी जागा असते. ती अनेकदा कोरी राहते. गावाच्या नकाशाची प्रत घ्यावी आणि मुलांना घरी विचारून प्रत्येक गटाचे प्रचलित नाव आणायला सांगावे. नोंद करताना तीन रकाने ठेवावेत: कागदावर काय लिहिले आहे, लोक काय म्हणतात, आणि हे कोणी सांगितले. एकाच टेकडीला दोन आळ्यांत दोन नावे निघाली, तर कोणते बरोबर याचा निकाल लावण्याची घाई करू नये. त्या नावांचा अर्थ काय, ती कोणत्या बाजूने पाहिल्यावर सुचली असतील, यावर चर्चा करावी. 'खालचे', 'वरचे', 'पलीकडचे' असे शब्द असलेली नावे वेगळी काढावीत. ती कशाच्या खालची आणि कशाच्या पलीकडची, हे शोधता शोधता मुले नकाशावरच्या एखाद्या रिकाम्या जागेपाशी येऊन पोचतील.